बिघडलेलाच बरा

मावशीचा लॅपटॉप बंद पडला, आणि खरं सांगायचं तर तो तिनेच बंद पाडला. भाच्याने नवी डिस्क पाठवली होती. "जुनी फार रडते गं, ही टाक, पळतो की नाही बघ," असं फोनवर म्हणाला. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, बॅटरीची वायर काढायची, मग जुनी डिस्क काढून नवी बसवायची. मावशी एका कारखान्यासाठी घरबसल्या भरतकामाची डिझाइनं बनवते. भरतकामाच्या यंत्राचं पोट तिने शंभरदा उघडलंय, तिला बारीक स्क्रूंची कसली भीती? सगळं केलं. वायर काढून लॅपटॉप रात्रभर उघडा ठेवला, सकाळी पुसूनबिसून झाकण लावलं आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली: सुरू करायला डिस्क मिळत नाही.

"अगं बाई!" मावशी एकटीच म्हणाली. घरात दुसरं ऐकणारं होतं कोण?

तिने भाच्याला फोन लावला. हा भाचा म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा. बहिणीला रात्रपाळीची नोकरी, म्हणून हा मावशीकडेच वाढला, तिच्याच पांघरुणात झोपला, आणि तिने ठेवलेलं 'ठोंब्या' हे नाव अजून त्याच्या मागे आहे. आता ठोंब्या मोठा साहेब झालाय, दूरच्या शहरात असतो. फोन करतो, नाही असं नाही. पण यायचं म्हटलं की दर खेपेला काहीतरी आडवं येतं. दोन हिवाळे गेले, त्याचं तोंड दिसलेलं नाही.

"फोनवर नाही कळायचं हे," ठोंब्या म्हणाला. "तू हात लावू नकोस. रविवारी मीच येतो."

झालं! मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. त्याच्या खोलीतली शिवणाची खोकी हलवली, गादी उन्हात टाकली, शेजारणीला जाता येता सांगितलं, "भाचा येतोय माझा. लॅपटॉप बिघडलाय ना, म्हणून." बिघडलेल्या वस्तूचं एवढं कौतुक शेजारणीने जन्मात ऐकलं नव्हतं.

पण जित्याची खोड! बंद पडलेलं यंत्र समोर दिसलं की मावशीचे हात शिवशिवतात. शुक्रवारी दुपारी नुसतं बघते म्हणून ती बसली. सुरू होतानाच एक बटण दाबून धरलं की लॅपटॉपचं सेटिंगचं पान उघडतं, हे तिला ठाऊक होतं. तिथे तारीख बघते तर कितीतरी वर्षांपूर्वीची! म्हणजे वायर काढली तेव्हा हा शहाणा सगळंच विसरला. मग तारखेबरोबर आणखी काय विसरला असेल? ती एकेक ओळ वाचत गेली. सुरू होण्याच्या दोन पद्धती होत्या, एक जुनी, एक नवी. तिची डिस्क जुन्या पद्धतीने भरलेली, आणि हा आपला नवीवर जाऊन बसलेला. तिने तारीख दुरुस्त केली, 'जुनी' निवडलं, पान मिटलं.

लॅपटॉप सुरू झाला. आणि काय पळत होता! पूर्वी चहा उकळेपर्यंत उघडायचा नाही, आता डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर.

मावशीने आनंदाने टाळी वाजवली आणि फोन उचलला. ठोंब्याचा नंबर काढला. आणि तिथेच तिचा अंगठा थांबला.

सुरू झाला म्हटल्यावर तो येईल कशाला?

फोन तिने पालथा ठेवला. खोटं बोलायचं नव्हतं तिला, फक्त खरं सांगायचं नव्हतं, एवढंच. रविवारी आला की सांगू, हसेल, म्हणेल, "काय बाई आहेस तू मावशी!" कारखान्याचं काम अडलं होतं, ते तिने चोरासारखं पडदे ओढून उरकलं. शनिवारी संध्याकाळी शेवटचं डिझाइन पाठवलं, आणि इतक्यात ठोंब्याचाच फोन वाजला.

"काय गं, झाला का सुरू?"

"कसला होतोय!" मावशीच्या तोंडून निघून गेलं. "ढिम्म हलत नाही."

"मग ऐक ना. माझं काही जमत नाहीये उद्या. पण तुझं काम अडायला नको म्हणून तिथल्याच एका मेकॅनिकला सांगितलंय. सकाळी येईल. त्याचं सगळं मी बघतो, तू फक्त दार उघड."

"बरं," मावशी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो असा बसतो. फोन ठेवल्यावर ती त्याच्या खोलीत गेली, गादीवरची चादर ओढून नीट केली आणि तिथेच बसून रडली. रागही आला तिला, स्वतःचाच जास्त.

सकाळी उठून तिने पहिलं काय केलं असेल? लॅपटॉप पुन्हा बिघडवला! मेकॅनिकने येऊन चालता लॅपटॉप पाहिला तर ठोंब्याला कळवणारच. तेच पान उघडलं, 'जुनी' होतं तिथे 'नवी' केलं. काळ्या पडद्यावर ती पांढरी ओळ आली तेव्हा तिला हायसं वाटलं.

मेकॅनिक तिच्याच वयाचा निघाला, केस पिकलेला, कमी बोलणारा. बसला, पान उघडलं, ओळ बदलली. लॅपटॉप सुरू झाला. मग त्याने डिझाइनांच्या फायली उघडून बघितल्या. त्यावर शनिवारची तारीख होती. त्याने तारखेकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं. मावशीने नजर खिडकीकडे वळवली.

त्याने ठोंब्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "झालं साहेब. एक सेटिंग हललं होतं. बाईंच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं."

बिचारा! मावशीला त्याचे पाय धरावेसे वाटले.

"छान," ठोंब्या पलीकडून म्हणाला. "आता तो प्रोग्रॅम टाका, मी सांगितलेला."

"कसला रे?" मावशीने विचारलं.

"अगं, तो टाकला की मला इथूनच तुझा लॅपटॉप चालवता येईल. पुन्हा काही झालं तर यायची भानगडच नको."

मेकॅनिकने दोन-चार ठिकाणी दाबलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "इथे कायमची परवानगी द्यायचीय. हे तुम्हीच दाबा."

मावशीने चष्मा पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. "दाब ना गं," फोनमधून आवाज आला. तिने दाबलं.

पडद्यावरचा बाण आपोआप हलला. वर गेला, खाली आला, गोल गोल फिरला.

"बघ! आलो की नाही मी?"

"आलास रे बाबा, आलास," मावशी म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले, पण फोनवर तेवढं कुणाला कळतं?

"किती पसारा करून ठेवलायस!" बाणाने इकडची चित्रं तिकडे ओढली, सगळं एका रांगेत लावलं. लहानपणी या मुलाने स्वतःची चप्पल कधी जागेवर ठेवली नव्हती. मावशी त्या बाणाकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. तो थांबला की तिचा जीव थांबे, हलला की तिला बरं वाटे.

"चल, निघतो मी," ठोंब्या म्हणाला, आणि मावशी त्याला दारापर्यंत सोडायला उठली.

चार पावलं गेल्यावर तिला समजलं. दाराच्या कडीला हात लावून ती तशीच उभी राहिली. मेकॅनिकला वाटलं, आपल्यालाच निघा म्हणताहेत. तो घाईघाईने बॅग आवरून उठला.

"तुम्ही बसा हो," मावशी म्हणाली. "घाई आहे का तुम्हाला फार?"