टॉवेलची गुंडाळी

थोरली हॉस्पिटलच्या शवागारात कामाला होती. वॉर्डातले लोक तिला मावशी म्हणत आणि तिच्या हातचा चहा होता होईल तो टाळत. टाळेनात का. माणूस गेलं की त्याला घरच्यांना दाखवण्याजोगं करायचं, हे तिचं काम. अंग पुसायचं, केस विंचरायचे, पाय जुळवायचे, आणि या सगळ्याच्या आधी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून हनुवटीखाली बसवायची. ती वेळेवर बसली नाही तर जबडा उघडाच राहतो, आणि आपलं माणूस तसं पाहून घरच्यांचं काळीज फाटतं. म्हणून आधी गुंडाळी, मग बाकीचं.

तिच्या धाकट्या बहिणीला मात्र या कामाची ना भीती ना शिसारी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसणारी बाई ती. कुठलीही गोष्ट कशी करतात हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा जेवतानाच तिने गुंडाळीचं सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं. नवरा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, तरी हिचे प्रश्न संपले नव्हते.

अशा या धाकटीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि काही न काढता तसंच शिवून टाकलं. सगळीकडे पसरलं होतं. त्यांनी ते तिच्या नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्याने थोरलीला जिन्यात गाठून सांगितलं.

"ताई, तिला कळता कामा नये," तो म्हणाला. "कळलं तर हाय खाईल ती. गाठ काढली, आता अशक्तपणा तेवढा राहिलाय, एवढंच बोलायचं. तुम्हाला माझी शपथ आहे."

थोरलीला हे काही पटलं नाही. पण नवरा तो, पोरांचा बाप तो, आपण मध्ये तोंड घालणारे कोण, असं म्हणून तिने मान हलवली. गप्प बसणं तिला जड नव्हतं. दिवसभर ज्यांच्या सोबत ती असे, तीही काही बोलकी मंडळी नव्हती.

धाकटीचे टाके सुकल्यावर थोड्या दिवसांनी हॉस्पिटलात पेशंटसाठी योगाचा वर्ग सुरू झाला. ज्यांनी जन्मात कधी आसन घातलं नाही अशांना पहिल्यापासून शिकवणार होते, आणि सोबत घरचं एक माणूस हवं होतं. धाकटीने स्वतःचं नाव दिलं आणि थोरलीचंही देऊन टाकलं.

"अगं, मशीनवर बसायचं तर कंबर नको का ताठ?" ती म्हणाली. "माझं मशीन त्या नव्या पोरीला दिलंय. टाके घालते की माशा मारते देव जाणे. गणवेशांचा नवा हंगाम लागायच्या आत मला माझ्या जागेवर जाऊन बसायचंय."

"मग तू जा. मी कशाला?"

"तू सदान् कदा पडलेली माणसं बघतेस. जरा हलणारी बघ."

वर्ग वरच्या मजल्यावर भरे. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, फरशीवर निळ्या सतरंज्या, आणि शिकवायला एक हळू बोलणाऱ्या मॅडम. श्वास घेत हात वर, सोडत खाली. ऐकायला सोपं, पण थोरलीचं दर वेळी उलटं होई. हात वर गेले की तिचा श्वास सुटायचा, खाली आले की अडकायचा.

"मॅडम, तिला सांभाळून घ्या," धाकटी म्हणाली. "तिच्या कामात श्वासाचा फारसा संबंध येत नाही."

सगळा वर्ग हसला. थोरलीही हसली, आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला.

पाय पसरून पुढे वाकायचं असे. जिथे ताण वाटेल तिथे थांबा, मॅडम सांगत. धाकटी थांबणाऱ्यातली नव्हती. "बघ, पहिल्यांदा गुडघ्याशी अडले होते, आज नडगीला हात लागला," ती धापा टाकत म्हणे. थोरली बघत होती. धाकटीच्या अंगावरचं मांस उतरलं होतं, वाकताना अडायला मध्ये काही उरलंच नव्हतं, म्हणून ती वाकत होती. डोळ्यांत पिवळेपणा आला होता. रोजच्या सवयीची नजर ती, तिला सगळं दिसे.

शेवटी उताणं पडून राहायचं. त्या आसनाचं नाव मॅडम या वर्गात घेत नसत. "आता नुसतं पडायचं," एवढंच म्हणत. नाव सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण कुणीच ते काढत नसे. पडलेल्याची कंबर टेकावी म्हणून सोबतच्या माणसाने त्याच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची होती. धाकटीला हे फार आवडे. "या गुंडाळीसाठीच येते मी," ती म्हणायची. "एवढ्यानेच कंबरेला आराम पडतो."

त्या दिवशी शवागारात सकाळपासून उसंत नव्हती. कुठेतरी बस उलटली होती. थोरली एकामागून एक माणसं करत राहिली आणि हात धुऊन तशीच वर्गाला गेली. पाठ मोडली होती, डोकं बधिर झालं होतं. शेवटी मॅडमनी पडदे ओढले. धाकटी उताणी झाली आणि पडल्या पडल्या तिला खरोखरच झोप लागली. तोंड किंचित उघडं, चेहरा पिवळा, हालचाल नाही.

थोरलीने टॉवेल घेतला. घट्ट गुंडाळला. कपाळावरचे केस मागे सारले, पाय जुळवले, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि गुंडाळी तिच्याखाली नीट दाबून बसवली. मग टाचांवर बसून तिने एकदा निरखून पाहिलं. चांगलं झालं होतं.

तेवढ्यात धाकटीने डोळे उघडले.

ती थोरलीकडे बघत राहिली. मग तिने हात वर नेऊन हनुवटीखाली चाचपलं. गुंडाळी ओढून काढली, तोंडासमोर धरून पाहिली. कसंबसं कोपरावर उठून तिने ती आपल्या गुडघ्याखाली सरकवली, पुन्हा पडली आणि डोळे मिटले. दोन्हीकडून पाणी कानांत उतरत होतं. थोरलीला आपले हात तोडून टाकावेसे वाटले.

वर्ग सुटल्यावर धाकटी जिन्यात पायरीवर बसली.

"हंगाम सापडेल का मला?"

थोरलीच्या जिभेवर शपथ आली होती. पण हातांनी सगळं बोलून टाकल्यावर तोंडाने काय लपवायचं? "नाही," ती म्हणाली.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी इथे येड्यासारखी हात वर खाली करतेय, आणि तुम्ही बघत बसलात." ती थोरलीच्या दंडावर मुठी मारत राहिली. मुठींत जोर नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मग दम लागून ती थांबली.

"त्यांना सांगू नकोस मला कळलंय ते," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "हाय खातील."

"बरं."

"आणि तेव्हा तूच कर माझं. परक्याचे हात नकोत मला."

"घरच्या माणसाचं घरच्याला करू देत नाहीत ग. नियम आहे तसा."

"मग भांड त्यांच्याशी. मोठी ना तू?"

त्यानंतरही दोघी वर्गाला जात राहिल्या. घरी धाकटी हंगामाच्या गोष्टी करी, नवरा माना डोलवी, आणि दोघांची सोंगं बघत थोरली मध्ये बसून भाजी निवडत राही. पुढे पुढे धाकटीला जिना चढवेना. तिला हॉस्पिटलातच ठेवून घेतलं, मग थोरली तिच्या पलंगावरच तिला श्वास घे, सोड, असं सांगायची. तोवर थोरलीचा श्वास बरोबर जमू लागला होता.

हंगाम लागला, त्याच आठवड्यात धाकटी गेली.

शवागाराच्या दारात थोरलीच्या सोबत काम करणारा, सगळे ज्याला मामा म्हणत तो, आडवा उभा राहिला. "मावशी, तुम्ही नको. घरचं माणूस आहे. मी करतो नीट."

"बाजूला हो," थोरली म्हणाली. तिचा चेहरा पाहून तो बाजूला झाला.

तिने टॉवेल घेतला, घट्ट गुंडाळला, आणि चादर उचलून धाकटीच्या गुडघ्याखाली दिला. हाताने दाबून पाहिलं, जरासा पुढे सरकवला.

"मावशी, आधी हनुवटी," मामा हळूच म्हणाला. "गुडघ्याखाली कशाला?"

"तिची कंबर दुखते," थोरली म्हणाली.

मामाने दुसरा टॉवेल पुढे केला.