चौथा ठोकळा

“काका, सॉरी... तुमचा ठोकळा फोडावा लागणार,” अस्मिता म्हणाली आणि कचरूकाकांचा हात टाकीतल्या पाण्यातच थबकला.

कर्वेनगरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काकांनी उभी हयात काँक्रीटचे ठोकळे घडवले. साच्यात भरायचे, पाण्यात मुरवायचे आणि मग ताकद मोजायला मशीनखाली चिरडायचे! त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण हा ठोकळा निराळा होता. अस्मिताच्या प्रोजेक्टसाठी त्यात राख घातली होती, तीही काकांच्या विदर्भातल्या गावाजवळच्या वीजकेंद्राची. आणि पाणी? श्रीवर्धनहून कॅन भरभरून आणलेलं, चक्क समुद्राचं! काकांच्या बायकोला, सुंदराबाईंना, लग्न झाल्यापासून समुद्र बघायचा होता. आता तर गुडघे जिनाही उतरू देत नव्हते. हे कळल्यावर अस्मिताने चौथा, जादाचा ठोकळा काकांना देऊन टाकला होता. काकांनी ओल्या काँक्रीटवर खिळ्याने ‘सुंदरा’ कोरलंसुद्धा होतं.

“मी एक तिरका ठेवला मशीनमध्ये, तो वाया गेला,” अस्मिता रडवेली झाली. “सरांना तीन ठोकळ्यांचे आकडे हवेत. पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही फोडणार, खरंच.”

“नका फोडू,” दारातून श्रीनिवास सर म्हणाले. “पुढच्या वर्षी याच प्रोजेक्टला परत भेटू. आम्ही इथेच असतो.”

काकांनी ठोकळा पुसला. लेकराला पाटावर बसवावं तसा मशीनमध्ये सरळ ठेवला.

“दाब बटन, पोरी. माह्या बायकोनं थोडाच पाह्यला हाये तो!”

काटा चढला, चढतच गेला. मग कडाड!

“काका, केवढा स्ट्राँग निघाला!” अस्मिताने त्यांना मिठीच मारली. काका हसले. मग खाली वाकून तुकडे चाचपू लागले.

संध्याकाळी कात्रजच्या घरी त्यांनी सुंदराबाईंच्या तळहातावर एक कोपरा ठेवला.

“हे काय आणलं जी?”

“समुद्र.”

“एवढुसाच?”

“बाकीचा पोरीच्या कामाला लागला. आपल्याकडची राखबी हाये त्यात.”

बाईंनी तुकडा उलटा केला. एका बाजूला ‘सुं’ तेवढं उरलं होतं. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग हळूच जीभ लावली.

“अगं माय, खारट हाये!”

वाऱ्याने दार आपटत होतं. बाई गुडघे धरत उठल्या, दार आपटू नये म्हणून तुकडा दाराला टेकवून ठेवला, नावाची बाजू आत करून. दार उघडंच राहिलं, आणि दोघं वारा खात बसली.