देवकाबाईच्या घरचा भित्रा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे आणि जन्माचा भित्रा आहे. माणसाला भीतीने कधीमधी घाम फुटतो. मला बारमाही फुटतो. लोक म्हणतात, पाणी गार करायला माठ पाझरतो. म्हणोत बापडे! माझं मला ठाऊक.

अल्लीपूरच्या तानबा कुंभाराने तळ्याच्या गाळातून मला घडवलं. आवा पेटला तेव्हा माझ्या शेजारची मडकी तडकताना मी ऐकली. आता आपली पाळी, असं म्हणत जीव मुठीत धरून बसलो आणि तसाच भाजून निघालो. ती धास्ती अंगात मुरली ती मुरलीच. पुढे देवळीच्या बाजारात देवकाबाईने मला बोटाने वाजवून पाहिलं, मान डोलावली आणि कमरेवर घेऊन घरी आणलं.

गावाच्या कडेला चार-पाच ख्रिस्ती घरं होती, त्यातलं हे एक. देवकाबाई विधवा, मोठी करारी बाई. मुलगा प्रेमदास कापसाच्या जिनात कामाला होता. सून जयवंता, आणि तिच्या अंगावर पिणारा योसेफ. मी घडवंचीवर बसायचो. जयवंता रोज मला विसळून ताजं पाणी भरायची. उन्हातून आलेला माणूस आधी माझ्याकडे वळायचा, मग घरच्यांकडे. पहिल्या उन्हाळ्यात माझा रुबाब काय सांगू!

मग एका हिवाळ्यात योसेफ तापाने फणफणला. औषध झालं, लेप झाले, ताप हटेना. जयवंताने भिंतीवरच्या क्रूसापुढे पदर पसरला. लेकरू वाचलं तर गुड फ्रायडेला निर्जळी करीन, दिवस बुडेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असा नवस बोलली. ताप उतरला. घरात आनंदीआनंद झाला. पण थंडीतला नवस कडक उन्हाळ्यात फेडायचा आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या पहिल्या दिवशी, जयवंता कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून आली. 'तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील,' असं फादर प्रत्येकाला म्हणाले, हे तिने घरी सांगितलं. ते ऐकून बाकीचे आपापल्या कामाला लागले. मी मात्र खरोखरच माती! मला दरदरून घाम सुटला.

फादरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. आजारी, म्हातारे आणि अंगावर पाजणाऱ्या आया, यांना उपासाचं बंधन नाही. जयवंताने हे हळूच सासूच्या कानावर घातलं. देवकाबाई जात्यावरून उठलीसुद्धा नाही.

"उपासाची सूट फादर देईन," ती म्हणाली. "नवसाची सूट कोन देईन?"

आणि मग तिने आपली जुनी कहाणी सांगितली. तिची थोरली मुलगी होती, मंदा. तिच्यासाठी देवकाबाईने असाच निर्जळीचा नवस केला होता. त्या गुड फ्रायडेला शेतातून येताना तहानेने जीव कासावीस झाला आणि ती विहिरीवर ओंजळभर पाणी प्याली. त्याच पावसाळ्यात मंदा गेली. तेव्हापासून आजवर दर गुड फ्रायडेला देवकाबाईच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. ऐकता ऐकता जयवंताने योसेफला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागलं.

उपासाचे दिवस सुरू झाले. एकवेळची भाकर, मीठ-मिरची, मटणाचं नाव नाही. दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. घर कसं दबून गेलं होतं. जयवंता वाळत चालली. मला भरताना ती सारखी क्रूसाकडे पाहायची, आणि तिची भीती माझ्यात उतरायची.

गुड फ्रायडे उजाडला. आदल्या दिवसापासून येशूच्या मरणाच्या शोकात चर्चची घंटा मुकी झाली होती. घंटेऐवजी दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटत. तो कोरडा खडखडाट ऐकला की माझ्या पोटातलं पाणी हलायचं. दुपारी प्रेमदास चर्चमध्ये गेला. जयवंताला उभं राहवेना, म्हणून सासू-सुना घरीच राहिल्या.

बाहेर ऊन नुसतं रखरखत होतं. योसेफ छातीशी लागला, ओढून ओढून दमला, रडला. दूधच उतरेना. देवकाबाईने फडक्याच्या टोकाने त्याच्या ओठाला पाणी लावलं, ते त्याने थुंकून टाकलं. रडणं बारीक होत गेलं. मग थांबलं. मित्रांनो, लेकराचं रडणं थांबलं त्याने मी जेवढा भ्यालो, तेवढा आव्यातही भ्यालो नव्हतो.

देवकाबाईने माझ्यातून तांब्या भरून सुनेच्या तोंडाशी नेला. जयवंताचे ओठ फाटले होते, डोळे वर जात होते. तरी तिने दातखीळ बसल्यासारखे दात आवळले.

"नाई आत्याबाई," ती कशीबशी म्हणाली. "मी पेली तं देव माह्या पोराले नेईन. तुमीच तं सांगतलं."

देवकाबाई जागीच थिजली. तिने क्रूसाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. मग तांब्या घेऊन ती अशी तिरीमिरीने वळली की तो माझ्या काठावर आदळला आणि माझा टवका उडाला. पण तेव्हा मला दुखलं नाही. कारण तोच तांब्या तिने आपल्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

"पाह्य जयवंते, मी पेली. तुह्या आदी मी मोडला. आता न्याचं असन तं मले नेईन तो, लेकराले नाई. पे, माय."

जयवंता प्याली. रडत प्याली, पुन्हा मागून प्याली.

भीती मात्र लगेच कुठली जायला? शनिवारभर दोघी पोराला मध्ये घेऊन बसल्या. आळीपाळीने त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहायच्या. तो नुसता शिंकला तरी दोघींचे चेहरे पांढरे पडायचे. मीही कान देऊन होतो. अखेर ईस्टरची घंटा घणघणली. योसेफ दचकला आणि त्याने असं भोकाड पसरलं की शेजारणी धावत आल्या! दूध परतलं होतं. पोर पोटभर प्यालं.

देवकाबाईने फादरांना सगळं सांगितलं. लेकरं वसूल करणारा देव आपल्या ओळखीचा नाही, असं ते म्हणाले, आणि तुझी मंदा तुझ्या ओंजळभर पाण्याने गेली नाही, असंही म्हणाले. घरी येऊन ती करारी बाई माझ्या घडवंचीला टेकून बसली आणि मंदाचं नाव घेऊन खूप वेळ रडली. जयवंताने तिला पाणी दिलं.

उडालेल्या टवक्यातून पुढे मला तडा गेला. नवा माठ आला, मी परसात गेलो. कोणी मला विचारीना. आता दरवर्षी राखेच्या बुधवाराआधी आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या शिंदीच्या जुन्या झावळ्या माझ्यात जाळतात. आगीला मी अजून भितो. पण त्यातली चिमूटभर राख योसेफच्या कपाळाला लागते, तेव्हा माती असल्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, उपास जरूर करा. पण देवाच्या नावाने कोणाला धाक घालू नका. मडक्याला एका धक्क्यानेही तडा जातो, आणि माणूसही मातीचाच. समोरचा भ्यालेला दिसला तर देवकाबाईसारखा पहिला घोट तुम्ही घ्या, आणि मग तांब्या त्याच्या हाती द्या.