माझ्यात अडकलेला आवाज

मित्रांनो, मला जुना म्हणतात, आणि ते खरंच आहे. मी एक टॅब आहे. पाठीवर ओरखडे, एका कोपऱ्याला टवका. कुवेतमधल्या फहाहीलला, एका कंत्राटदार कंपनीच्या हत्यारांच्या खोलीत, खिडकीशी मी उभा असतो. पण मी बिघडलेलो नाही. माझा पडदा स्वच्छ दिसतो, बोट लावलं की मी लगेच जागा होतो. तरीही एके दिवशी मला निकामी ठरवण्यात आलं, आणि माझ्याबरोबर एका माणसाचा आवाज बंद झाला. ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझं मॉडेल बाजारात आलं २०१६ साली. मी स्वतः मात्र तीन वर्षांनी, २०१९ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलो. तेव्हा मला या फरकाचं काहीच वाटलं नाही. खोक्यात गुंडाळून मी कुवेतला आलो, एका दुकानात दोन आठवडे काचेमागे राहिलो, आणि तिथून मला हरीश घडशी यांनी उचललं.

हरीश वेल्डर होते. देवरुखजवळच्या एका गावातून कंत्राटावर आलेले, बारा वर्षं इथेच. पत्नी मंदा आणि मुलगी अबोली गावी. हरीशना मी खेळायला किंवा सिनेमे बघायला घेतलं नव्हतं. त्यांच्या स्वरयंत्रात गाठ निघाली होती. जाब्रियाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर घशातून आवाज निघणार नाही.

तिथे उर्वी नावाच्या पुण्याच्या वाचातज्ज्ञ होत्या. त्यांनी मला टेबलावर उभं केलं आणि म्हणाल्या, "हरीशदादा, ऑपरेशनला अजून अकरा दिवस आहेत. तेवढ्यात तुमचा आवाज साठवून ठेवू."

"आवाज काय लोणचं आहे मॅडम, साठवायला?" हरीशनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"आहे असं समजा. तुम्ही रोज काय काय बोलता ते सांगा. एकेक वाक्य यात बोलायचं. पुढे बोट दाबलं की तुमच्याच आवाजात ते ऐकू येईल."

हरीश आधी लाजले. रिकाम्या खोलीत एका पाटीशी काय बोलायचं, हे त्यांना कळेना. मग त्यांनी सुरुवात केली. "मंदा, जेवलीस का?" "अबोलीला फोन दे." "नळाला पाणी आलं का?" पुढे कामावरची हिंदी वाक्यं आली. "पहले गेट पास दिखाओ." "गार्ड के बिना ग्राइंडर नहीं मिलेगा." गाठीमुळे घसा लवकर थकायचा. दहा वाक्यं झाली की पाणी पिऊन ते थांबायचे, पुन्हा बसायचे. अकरा दिवसांत चारशे बारा वाक्यं झाली. शेवटच्या संध्याकाळी ते म्हणाले, "मॅडम, अजून एक घ्या," आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. तीही शांतता माझ्यात नोंदली गेली आहे. उर्वीताईंनी ती पुसली नाही.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला श्वासासाठी छिद्र, त्यावर पांढरं कापड. गळ्याला लावून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्रही त्यांना मिळालं. पण साइटच्या गोंगाटात ते कुणाला कळेना, आणि फोनवर मंदाताई म्हणाल्या, "अवो, ह्यो कोण बोलतोय? मला भ्या वाटतंय." मग माझी पाळी आली. हरीशनी मला फोनसमोर धरलं आणि बोट दाबलं.

"मंदा, जेवलीस का?"

पलीकडे कितीतरी वेळ फक्त हुंदके ऐकू येत होते. मग उत्तर आलं, "जेवले. तुम्ही जेवलाव?"

मित्रांनो, माझ्या जन्माचं चीज त्या क्षणी झालं.

धुरात काम करणं आता शक्य नव्हतं. फोरमनने हरीशना हत्यारांची खोली दिली, पण अट घातली, "माणसांशी बोलता आलं पाहिजे. नाहीतर मी तरी काय करू?" हरीशनी मला खिडकीत उभं केलं. दिवसाला शंभर माणसं यायची. मी गेट पास मागायचो, हातमोजे घालायला सांगायचो. गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, नसलेला ग्राइंडर कुणी कितीही घाई केली तरी मी सोडला नाही. फोरमन एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, की या खिडकीसारखी शिस्त दुसऱ्या कुठल्याच साइटवर नाही. हरीशनी माझ्या पडद्यावरची धूळ पुसली. उन्हाळ्यात ते मला ओल्या फडक्याच्या सावलीत ठेवायचे, धुळीचं वादळ आलं की प्लास्टिकच्या पिशवीत.

२०२२ साली माझ्या निर्मात्या कंपनीने मला नवे अपडेट पाठवणं थांबवलं. मॉडेलला सहा वर्षं झाली, असं त्यांचं म्हणणं. पण मी हरीशच्या हाती येऊन तीनच वर्षं झाली होती! आधीची तीन वर्षं मी जन्मालाही आलो नव्हतो, आणि तीसुद्धा माझ्या वयात धरली गेली. तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही, कारण मी पूर्वीसारखाच काम करत होतो.

दणका बसला दोन वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरात. ज्या ॲपमध्ये हरीशची वाक्यं होती ते एका दुसऱ्याच लहान कंपनीचं होतं. त्यांची सूचना माझ्या पडद्यावर झळकली. एक जानेवारीपासून जुनं ॲप उघडणार नाही, नवं घ्या. हरीशनी नवं घ्यायला बोट लावलं. मी नकार दिला. मला द्यावा लागला. नव्या ॲपला यंत्र चालवणारी नवी प्रणाली हवी होती, आणि ती मला देणं माझ्या निर्मात्याने कधीच बंद केलं होतं.

त्यांच्याच खोलीत राहणारा काशिफ हैदराबादचा. तो म्हणाला, "हरीश भाई, टेन्शन मत लो. हम सब मिल के नया टॅब लाते हैं." आणि खरंच घेऊन आले. पण नव्या टॅबमध्ये हरीश नव्हते. माझ्यातली वाक्यं बाहेर काढायची सोय फक्त नव्या ॲपमध्ये होती, आणि नवं ॲप माझ्यावर बसत नव्हतं. नवा टॅब यंत्राच्या गुळगुळीत आवाजात म्हणाला, "मंदा, जेवलीस का." हरीशनी तो बंद करून उशीखाली सरकवला.

उर्वीताईंचे पती सुयोग बँकेत संगणकाचं काम बघतात. त्यांनी दोन्ही कंपन्यांना पत्रं लिहिली. माझ्या निर्मात्याने कळवलं, की हे मॉडेल जुन्या यंत्रांच्या यादीत आहे आणि ॲप आमचं नाही. ॲपवाल्यांनी कळवलं, की प्रणाली आमची नाही, आमचा नाइलाज आहे. दोन्ही पत्रांच्या शेवटी एकच वाक्य होतं. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

हरीशनी दोन्ही पत्रं घडी करून खिशात घातली. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बस पकडून ते मला घेऊन माझ्या निर्मात्याच्या फरवानियातल्या दुरुस्ती केंद्रात गेले. काउंटरवर आमिर नावाचा माणूस होता. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं. "ये तो बहुत पुराना है भाई. इसका खलास. एक्सचेंज में दे दो, नये पे छूट मिलेगी."

मित्रांनो, त्या काउंटरवर हरीशची काय अवस्था झाली असेल, विचार करा. त्यांच्याजवळ चारशे बारा वाक्यं होती, पण त्यांत अपडेट, निर्माता, प्रणाली हे शब्दच नव्हते. होती ती हत्यारांच्या खोलीतली आणि घरातली वाक्यं. त्यांनी माझ्यावर बोट फिरवून एक शोधलं.

"नहीं मिलेगा."

आमिर चपापला. "आप... ये आपकी आवाज़ है?"

"हाँ," मी हरीशच्या आवाजात म्हणालो.

सुयोगनी लिहून दिलेला कागद हरीशनी पुढे केला. आमिरने तो वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, की हे त्याच्या हातात नाही. हरीश खुर्चीवर बसून राहिले. त्यानंतरचे सलग सहा शुक्रवार ते जात राहिले. चौथ्या शुक्रवारी मॅनेजर बाहेर आला. "बाकी लोग खड़े हैं. आप क्या चाहते हो?"

हरीशनी एक बोट दाबलं. "मैं रुकता हूँ."

मॅनेजर आत निघून गेला. आमिरने मात्र माझ्यासमोर मोबाइल धरला आणि हरीश माझ्यातून कसे बोलतात ते चित्रित केलं. "मैं अपने नाम से ऊपर भेजता हूँ," तो म्हणाला. "नौकरी जाएगी तो आप के स्टोर में आऊँगा." हरीश हसले. आवाज आला नाही, पण खांदे हलत होते.

एक जानेवारीला सकाळी हरीशनी मला उघडलं. ॲप उघडलं नाही. मी त्यांची चारशे बारा वाक्यं पोटात घेऊन उभा होतो आणि एकही देऊ शकत नव्हतो. ती सगळी तिथेच होती, जशीच्या तशी. फक्त त्यांच्या दारावर दुसऱ्या कुणीतरी कुलूप घातलं होतं. खिडकीत त्या दिवशी पुठ्ठ्यावर लिहिलेल्या पाट्या लागल्या. एक नवा कामगार पाटी न वाचताच गार्ड काढलेला ग्राइंडर घेऊन निघाला. हरीशनी खिडकीवर मूठ आपटली, तो वळला नाही. शेवटी ते धावत गेले आणि त्याच्या हातातून ग्राइंडर हिसकावून घेतला. परत आले तेव्हा गळ्यातून शिट्टीसारखा श्वास वाजत होता. फोरमनने ते पाहिलं. हरीशना त्याने घातलेली अट आठवली आणि भीती वाटली.

घरी फोन व्हायचा. मंदाताई एकट्याच बोलायच्या, हरीश टिचकी मारून उत्तर द्यायचे. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. एकदा त्यांनी विचारलं, "थकलाव काय? सोडून देताव काय आता?"

दोन टिचक्या. मग थोडं थांबून पुन्हा दोन.

उर्वीताईही गप्प बसल्या नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या वाचातज्ज्ञांचा एक गट होता, त्यात त्यांनी हरीशची हकिकत लिहिली. आठवडाभरात एकतीस उत्तरं आली. एकतीस माणसांचे आवाज माझ्यासारख्याच धडधाकट, जुन्या ठरवलेल्या टॅबांमध्ये अडकले होते. त्यांतली चार माणसं आता हयात नव्हती. त्यांच्या घरच्यांना तो आवाज हवा होता. सुयोगनी सगळ्यांचं मिळून एक पत्र केलं, आमिरची चित्रफीत जोडली, आणि ते ॲप कंपनीच्या मालकांना थेट पाठवलं. पाचव्या दिवशी त्यांच्या एका अभियंत्याचा फोन आला. जुन्या टॅबांवर चालेल अशी एक छोटी किल्ली तो तयार करणार होता. दार उघडायचं आणि वाक्यं साध्या ध्वनिफितींच्या रूपात बाहेर काढायची, एवढंच तिचं काम.

त्या कामाला आठ दिवस लागले. तीन महिने जे अशक्य होतं, त्याला फक्त आठ दिवस!

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, जाब्रियात उर्वीताईंच्या घरी, सुयोगनी ती किल्ली माझ्यावर चढवली. काशिफही आला होता. मंदाताई फोनवर होत्या. यादीतलं कुठलंतरी एक वाक्य निघालं.

"चहात साखर कमी घाल."

 मग फोनमधून मंदाताईंचा भरलेला आवाज आला, "घालीन, घालीन! दोन चमचे घालीन. या तुम्ही आधी घरी."

आता ती वाक्यं नव्या टॅबमध्ये आहेत, सुयोगच्या संगणकात आहेत, अबोलीच्या फोनमध्येही आहेत. खिडकीत मात्र हरीशनी मलाच ठेवलं आहे, तिथे त्या फिती मीच वाजवतो. ज्या रुग्णांचं असं ऑपरेशन व्हायचं असतं, त्यांच्याकडे ते महिन्यातून एकदा जातात. पहिल्या दिवसापासून आवाज साध्या फितींत कसा ठेवायचा, ते दाखवतात.

माझ्या निर्मात्याचं उत्तर आमिरमार्फत आलं. सूचनेची नोंद घेतली आहे, असं त्यात आहे. नोंद पुरेशी नाही. हरीश, उर्वीताई आणि त्या एकतीस घरांतली माणसं मिळून पुन्हा लिहीत आहेत.

मित्रांनो, मी हट्टी म्हातारा नाही. कुठलंही यंत्र कायम पुरत नाही, हे मला कळतं. नवे धोके येतात, नवी कामं येतात, आणि एक दिवस माझी शक्ती खरोखरच कमी पडेल. त्या दिवशी मी आनंदाने बाजूला होईन. पण तो दिवस माझ्या शक्तीने ठरवावा, विक्रीच्या तक्त्याने नाही. माझं वय मॉडेल निघालं त्या दिवसापासून मोजू नका. दुकानातला शेवटचा टॅब विकला गेला त्या दिवसापासून मोजा, आणि तिथून निदान दहा वर्षं मला सांभाळा. ती तारीख खोक्यावर ठळक छापा. आणि ज्या दिवशी तुम्ही हात काढून घ्याल, त्या दिवशी किल्ली आमच्याकडे सोडून जा. आत ठेवलेलं सामान माणसांचं असतं.

आणि तुम्ही मुलांनो, आईबाबांबरोबर नवा फोन, नवा संगणक घ्यायला जाल तेव्हा त्याचा रंग जरूर पाहा, कॅमेरा पाहा. मग काउंटरवरच्या माणसाला मोठ्याने विचारा, "याचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत येणार?" तो म्हणेल, असं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. आणि त्याने ते वर्ष बिलावर लिहून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.