महेबूबची वही

खुर्शीदाने जर्द्याची, गोड केशरी भाताची, थाळी भरली आणि दाराच्या पडद्याखालून बाहेर सरकवली. पलीकडून एका हाताने ती ओढून घेतली.

"हवालदारच आणा," खलील तोंडात घास असतानाच बोलत होता. "मिलिटरीतला माणूस. आठ दिवसांत पोरांना सरळ करील."

"पळवून पळवून मारील तो," झुंबर म्हणाला. "पोरं मिलिटरीत भरती होतील, पण गोल नाय मारणार."

दोघेतिघे हसले. खुर्शीदाच्या नवऱ्याला, महेबूबला, जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. दुपारी फातिहा झाली, मौलवीसाहेब जेवून गेले, पाहुणे पांगले आणि अंगणात स्पोर्टिंग फुटबॉल संघाची मंडळी तेवढी उरली. सोळा वर्षं महेबूबने या संघाला शिकवलं होतं, तेही फुकट. दिवसभर कारखान्यात पितळेची भांडी घासायची आणि संध्याकाळी मैदान गाठायचं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण त्याच्या वाट्याला शेरभरही आलं नव्हतं. पहिली थाळी संपेपर्यंत मंडळींनी त्याच्या आठवणी काढल्या आणि दुसऱ्या थाळीला त्याच्या जागी कोण, यावर आली.

खुर्शीदा इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून दाराला चादर बांधली होती. पण आवाजावरून ती सगळ्यांना ओळखत होती. खलीलचं चौकात सायकलचं दुकान होतं. झुंबर भाजीबाजारात हमाली करायचा. आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचा तो सावळीराम, संघाचा सेक्रेटरी. तो नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदीवर क्लार्क होता. त्याचा मुलगा बुधा स्पोर्टिंगचा गोलकीपर. खेळाच्या जोरावर पोराला कुठेतरी नोकरीला चिकटवून घेतील, या आशेवर सावळीराम तीन वर्षं दिवस काढत होता.

महेबूब गेल्यापासून स्पोर्टिंग चार सामने हरलं होतं. येत्या रविवारी देवळालीच्या संघाशी गाठ होती. तोही सामना गेला, तर पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळायचं.

"खरं सांगू का," खलील म्हणाला, "महेबूबभाई माणूस सोन्यासारखा. पण अलीकडं त्याचंही डोकं चालत नव्हतं. तेच तेच सांगायचा."

खुर्शीदाच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला. रेहाना, महेबूबची धाकटी बहीण, मागे कांदे आवरत होती. तिने वर पाहिलं.

"जाने दो, भाभी. उनकी आदत है."

खायचं माझ्या घरचं आणि नावं ठेवायची माझ्याच नवऱ्याला. खुर्शीदाला इतका संताप आला की पुढची थाळी तिने अर्धीच भरली.

"इगतपुरीच्या फ्रान्सिस मास्तरांशी मी बोललोय," सावळीराम आता पहिल्यांदा बोलला. "रेल्वेतून रिटायर झालेत. यायला तयार आहेत, पण रविवारच्या आत पोरं समजून घ्यायची तर त्यांना वही हवी."

"कुठली वही?"

"महेबूबभाईची. दुसरी कुठली?"

ती वही गावाला ठाऊक होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. हाफटाइमला महेबूब ती उघडून समोर धरायचा, पानावर नजर रोखायचा आणि मग एकेकाला सांगायचा, तू इथं चुकलास, तू तिथं उभा राहा. आदल्या रात्री बसून लिहितो, असं तो सगळ्यांना सांगायचा. एकदा पावसात त्याने वही उलटी धरली होती आणि ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

महेबूबला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं. खुर्शीदा विंचूरची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर दर रविवारी संध्याकाळी महेबूब जमिनीवर बावीस चिंचोके मांडायचा, अकरा भाजलेले, अकरा कच्चे, आणि झालेला सामना तिला दाखवायचा. ती लिहून घ्यायची. पहिलं वर्षभर तो सांगेल तेवढंच लिहिलं. पुढे ती विचारू लागली. हा पुढं गेला तेव्हा त्याच्या मागं कोण होतं? कुणीच नव्हतं का? मग तिथूनच गोल झाला असेल. महेबूब चिंचोक्यांकडे बघत बसायचा आणि म्हणायचा, लिही. उभ्या जन्मात तिने एकही सामना पाहिला नव्हता. बायकांनी मैदानावर जायची रीतच नव्हती.

"भाभी," सावळीराम पडद्यापाशी येऊन म्हणाला, "महेबूबभाईची वही द्याल का? मास्तरांना दाखवून परत आणून देतो. महेबूबभाईमुळे संघ वाचला, असं तरी होईल."

खुर्शीदाने रेहानाकडे पाहिलं.

"दे दो ना," रेहाना कुजबुजली. "भाईजान का नाम रहेगा."

नाव त्याचंच राहील. ते खुर्शीदाला कळत होतं. तिने ट्रंक उघडली, कपड्यांच्या तळातून वही काढली आणि शेवटची पानं उलटली. महेबूब गेल्यावर तिला वाटलं होतं, आता वही संपली. पण पोरं सामना हरून यायची, खिडकीखालच्या ओट्यावर बसून एकमेकांना शिव्या घालायची, आणि ऐकता ऐकता तिचा हात चिंचोक्यांकडे जायचा. चारही रविवार तिने लिहून काढले होते. नऊ जुलै. सोळा जुलै. तेवीस. तीस. शेवटच्या पानावर होतं, 'बहिरू राइट हाफला अर्ध्या तासात दमतो. त्याला फुलबॅक घ्यावा, कारभारीला पुढे सोडावा.' आणि त्याखाली, 'बुधाला नऊ तारखेला तोंडावर बॉल लागला. तेव्हापासून उंच बॉल आला की तो डोळे मिटतो. त्याला काही दिवस बसवावा.'

ही चार पानं फाडावीत, असं तिच्या मनात आलं. महेबूबच्या अब्रूचा प्रश्न होता. पण हात चालेना. कुणीतरी एकदा त्या तारखा वाचाव्यात, असं तिला वाटत होतं. फार वाटत होतं. तिने वही मिटली आणि पडद्याखालून सरकवली.

चादर आणि चौकटीच्या मधे बोटभर फट होती. तिथे ती उभी राहिली.

"अक्षर बघा की!" झुंबर म्हणाला. "मोत्याचे दाणे. पितळ घासणाऱ्या हाताचं वाटत नाय."

"दिसण्यावर काय असतं," खलील म्हणाला. "मनानं मोठा माणूस."

सावळीराम एकेक पान वाचत होता. अर्ध्या वहीनंतर तो भरभर उलटू लागला आणि शेवटाशी येऊन थांबला. महेबूबच्या मृत्यूची तारीख त्यानेच रजिस्टरात लिहिली होती. अठ्ठावीस जून. त्याने पान मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं. मग मान वर करून पडद्याकडे पाहिलं. खुर्शीदा जागची हलली नाही. 

सावळीरामने ती पानं शिवणीपाशी दुमडली, नखाने घडी पक्की केली आणि अलगद फाडून घेतली. घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"काय रे ते?" खलीलने विचारलं.

"कोरी पानं. उगाच मास्तरांना कशाला."

खुर्शीदाने सुटकेचा श्वास घेतला.  त्याला कळलं होतं आणि त्याने महेबूबची लाज राखली होती. जुना दोस्त तो. राखणारच. तिने डोळे पुसले आणि कपात चहा ओतायला घेतला.

"मला एक सुचतंय," बाहेर सावळीराम म्हणत होता. "मास्तर येतील तेव्हा येतील. पण या रविवारी बहिरूला राइट हाफला ठेवू नका. अर्ध्या तासात दमतो तो. त्याला फुलबॅक घ्या. आणि कारभारीला पुढं सोडा."

झुंबरने थाळी खाली ठेवली.

"वा!" झुंबर म्हणाला. "आयला, हे आमच्या डोक्यात कसं नाय आलं?"

"सेक्रेटरी, इतके दिवस कुठं लपवलं होतं हे?"

"बघत असतो आपण," सावळीराम म्हणाला. "नीट बघणाऱ्याला दिसतं."

"मग इगतपुरीला कशाला जायचं?" खलील म्हणाला. "घाटात दरड कोसळली की मास्तर तिकडं आणि आपण इकडं. घरचा माणूस असताना बाहेर कशाला हात पसरा? तूच हो कोच."

"बरोबर हाय. हवालदार नको अन् मास्तर नको."

"मी कसला कोच," सावळीराम म्हणाला. पण नाही म्हणताना माणसाचा आवाज असा खुलत नाही. "तुम्ही सगळे म्हणतच असाल तर बघू."

चहा बशीत सांडला तरी खुर्शीदा ओतत होती. मैदानावर हाफटाइमला असंच होत असेल. वही समोर धरलेली, भोवती पोरं, बाजूला ही मंडळी, आणि मधे महेबूब बोलतोय. तिचंच वाक्य. आणि हे असेच वा वा म्हणत असतील. घरी आल्यावर तो म्हणायचा, आज सगळे माझी तारीफ करत होते, आणि ती खूश होऊन त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची. सोळा वर्षं वाढली. चाळीस दिवस ती त्याच्यासाठी रडली होती, आणि आज पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा, ज्याला आता काही विचारताही येत नाही.

रेहानाने तिच्या हातातून किटली काढून घेतली.

"क्या हुआ, भाभी?"

खुर्शीदा पडद्यापाशी गेली. परक्या पुरुषांपुढे एवढ्या मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती. आज इद्दतीत बोलली.

"सावळीरामभाऊ."

सावळीराम पडद्याकडे वळला.

"बोला, भाभी."

"बहिरूची ओळ सांगितलीत. त्याच्या खालची पण सांगा."

कुणाला काही कळलं नाही. झुंबरने सावळीरामकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"कुठली ओळ, भाभी?" खलीलने विचारलं.

 सावळीरामचा हात खिशावर गेला होता.

"बुधाची," खुर्शीदा म्हणाली.