चमच्याआधी नाव

नर्स उल्जानने मला बजावून सांगितलं होतं. सासऱ्यांना आधी ताठ बसवायचं. गोळी कुटून घट्ट सायीतून द्यायची, चहाबरोबर कधीच नाही. आणि त्याआधी नावाने हाक मारायची. डोळे उघडून त्यांनी नीट ओ दिली, तरच चमचा पुढे करायचा.

"अर्धवट झोपेत दिलंस तर औषध पोटात नाही, छातीत जाईल," ती म्हणाली.

साय आणि उशा मी चोख सांभाळल्या. नावाचं काय करणार? आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. अकरा वर्षांत ते माझ्या ओठांवर आलेलं नाही. उल्जान शहरात वाढलेली, तिच्याशी कुठे वाद घालायचा, म्हणून मी मान डोलावली आणि घरी "आताके, आताके" करत राहिले. म्हणजे बाबाच. ते "हं" म्हणायचे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून वाऱ्याने दार वाजलं तरी ते "हं" म्हणतात. मला हे कळत होतं, तरी मी चमचा देत होते.

काल घास अडकला. आवाज बंद, ओठ निळे. ज्यांच्याकडे मी कधी पाठ करून बसले नाही, त्यांनाच पुढे वाकवून पाठीत जोरजोरात थापा मारल्या, तेव्हा कुठे सायीचा गोळा बाहेर पडला. उल्जान येऊन छाती तपासून गेली. "या वेळी वाचले," एवढंच म्हणाली.

आज दुपारी पुन्हा तोच चमचा हातात होता. रक्तदाबाची गोळी चुकली तर दुसरा झटका येईल, दिली तर कालच्यासारखं होईल. मी चमचा वाटीत परत ठेवला.

"दे की," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना एने म्हणते. "हं म्हणाले ना."

"एने, ते मांजरालाही हं म्हणतात."

"मग हलव जरा."

"हलवलं. नावानेच उठवायला हवं. तुम्ही हाक मारा."

"मी? अठ्ठेचाळीस वर्षं मुलाच्या नावाने 'तालांतचे बाप' म्हणत आले. आता म्हातारपणी लाज सोडू?"

"मग मी सोडते."

मी तोंड उघडलं, पण "आताके"च बाहेर आलं. एनेंनी माझ्याकडे पाहिलं, हातातली लोकर कातायची चाती खाली ठेवली आणि मला बाजूला सारून त्या त्यांच्यासमोर बसल्या.

"शारशेन," त्या पुटपुटल्या.

काहीच नाही.

"शारशेन. ए शारशेन."

त्यांनी डोळे उघडले. महिन्याभरात इतके स्वच्छ डोळे मी पाहिले नव्हते. वाकड्या ओठांतून शब्द आला, "आई?"

एनेंचा चेहरा पांढरा पडला. आताकेंना नावाने हाक मारायची ती त्यांची आईच, आणि तिला जाऊन तीस वर्षं झाली होती.

"आई नाही हो, मी आहे," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा."

मी चमचा दिला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तोंड तपासलं, रिकामं होतं. अर्धा तास त्यांना तसंच ताठ बसवून मी श्वास ऐकत राहिले. खोकला आला नाही. भीती मात्र तशीच होती.

"पुढची गोळी कधी?" एनेंनी विचारलं.

"सहाला."

"तेव्हा तू हाक मार," त्या म्हणाल्या. "मी मारली की ते आईकडे निघतात."