घंगाळाचा मध्य

"दाबून धर! हलायलंय ते!" किशनराव ओरडले.

चतुराबाई घंगाळात उभी होती. तिच्या दोन पावलांच्या मधे किशनराव गिरमिट फिरवत होते आणि गिरमिटाच्या टोकाशी तिच्या भावाचं नाव होतं. नावाला पाय लागू नये म्हणून तिनं बोटं आखडून घेतली होती. पोटऱ्यांत गोळे आले होते.

तिचे यजमान किशनराव जिनात कापूस तोलायचे. अवजारांशी त्यांचा संबंध काट्यापुरता. पण तहसिलीतल्या पेशकार कल्याणरावांच्या घरी उभं राहून भांडी घासायचा ओटा झाला आणि किशनरावांची झोप उडाली. त्यांच्या घरात भांडी घासणारी एकटी चतुराबाई. तिला झोप व्यवस्थित येत होती. तरी ओटा बांधून झाला. नळ नव्हता, नळ अख्ख्या सेलूत नव्हता. पण पाणी यायची सोय नसली तरी जायची पाहिजे, असं किशनरावांचं मत पडलं.

ओट्यात बसवायला घंगाळ आयतंच होतं, तळाला भोक पाडलं की झालं. बन्सीधर हैदराबादेत दवाखान्यात नोकर होता. तिथल्या लिलावातलं हे न गंजणाऱ्या पोलादाचं घंगाळ त्यानं बहिणीला आणून दिलं होतं. सासूनं, म्हणजे नर्मदाबाईनं, त्यात लोकांचे कापलेले पाय धुतले असतील म्हणून ते कधी चुलीजवळ येऊ दिलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात बन्सीधर पटकीच्या वॉर्डात पटकीनंच गेला. मागं त्याचं एवढंच राहिलं. काठावर नाव घालायला गेलेल्या माणसाच्या छिन्नीचं टोक घसरलं, म्हणून नाव तळाला, बरोबर मधोमध.

"बरं झालं," किशनराव म्हणाले होते, "मध्य आयताच सापडला." आणि वाटी पालथी घालून त्यांनी नावाभोवती कोळशानं गोल ओढला.

"चार बोटं बाजूला घ्या की. तिथं नाव हाय."

"पाणी मधी जमतंय. पाण्याला काय तुझ्या भावाचं नाव वाचता येतंय?"

"तुमाला तर येतंय."

यावर किशनरावांनी गिरमिट आणखी जोरात दाबलं. ते पोलाद असं की जितका जोर करावा तितकं ते कडक होई. घरात आणखी कोण तसं आहे, हे अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. गिरमिटाचं एक टोक मोडलं. मग दुसरं. आवाज असा की समोरचे दुकानदार सांबप्पा गिऱ्हाईक सोडून दारात आले.

"किशनराव, तेल सोडा, तेल!"

"तुमच्या दुकानचं का?"

"मग काय, कोरडंच रेटायलाव?"

तेल आलं. गोलावर भोकाला भोक लागत गेलं. तिन्हीसांजेला छिन्नीचा शेवटचा घाव बसला आणि पुरीएवढी चकती सुटली. चतुराबाईनं ती झडप घालून उचलली. चकती तापलेली होती. बोटं पोळली, तरी तिनं सोडली नाही.

"टाक ते. भंगार हाय."

"भंगार?" ती म्हणाली. "भंगार कोण हाय ते मला दिसायलंय."

सासू जपमाळ घेऊन माजघरात गेली.

सकाळी घंगाळ ओट्यात ठेवून किशनराव पेशकारांना बोलवायला निघाले. ते वळणाआड गेले तशी चतुराबाई सांबप्पांच्या दुकानात गेली.

"मामा, लाखेची एक कांडी द्या. पार्सलाला लावता ती."

सांबप्पांनी तिच्या पोळलेल्या बोटांकडं पाहिलं आणि मागितली त्याच्या दुप्पट लाख दिली.

दुपारी पेशकार आले. काळी टोपी, हातात छडी. किशनरावांनी आत न बघताच घागर उचलली.

"बघा हुजूर, बसून भांडी घासायचे दिवस गेले. आता पाणी ओतलं की गायब!"

पाणी ओतलं. पाणी गायब झालं नाही. त्यांनी आणखी ओतलं. घंगाळ अर्धं भरलं, पाणी हलायचं थांबलं आणि काचेसारखं स्वच्छ झालं.

"जाईल," किशनराव म्हणाले. "पहिल्यांदा जरा बुजतंय."

पेशकार वाकले. तळाला चकती परत बसवलेली होती, खालून डब्याचं झाकण, भोवती लाखेचा लाल गोल.

"'बन्सीधरकडून चतुरास,'" त्यांनी वाचलं. "हे बन्सीधर कोण?"

"असंल कुणी... दुकानदार."

परक्या पुरुषासमोर चतुराबाई कधी येत नसे. ती बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण आवाज गल्लीच्या टोकाला गेला.

"माझा भाऊ हाय! लोकांची घाण उपसता उपसता मेला. चार बोटं जागा मागितली व्हती त्याच्यासाठी. चार बोटं! तेवढी सुदिक या घरात निघंना."

समोर सांबप्पांचा तराजू थांबला. पेशकारांनी हात धुवायला पुढं केले होते, ते मागं घेतले. छडी उचलली, चपला घातल्या आणि गेले.

किशनरावांनी घंगाळात वाकून पाहिलं.

"आता हे पाणी कुटून काढू?" किशनरावांनी हळूच विचारलं.

तिनं तांब्या त्यांच्यापुढं आदळला आणि आत गेली.

किशनराव पाणी उपसत बसले. उपसून अंगणात टाकत होते. पाणी तळाशी आलं तसा तांब्या नावावर खरवडला. ते थबकले, दाराकडं पाहिलं. मग तांब्या खाली ठेवून उरलेलं पाणी त्यांनी ओंजळीनं काढलं.